वेशीबाहेर सोडलेलं

प्रणाली धनावडेला त्या सकाळी एका जागी उभं राहवत नव्हतं. सड्यावर ऊन चढत होतं, जांभ्या दगडाचा तो अफाट माळ पायाखाली तापायला लागला होता आणि ती खाणीच्या काठाने नुसत्या येरझारा घालत होती. खाली खाणीत यंत्र आपलं काम करत होतं. त्याला तिच्या मदतीची गरज नव्हती, आणि नेमकं तेच तिला सोसवत नव्हतं.

यंत्राला गावाने आल्या दिवशीच नाव ठेवलं होतं, हुंग्या. सरकारी कागदांत त्याचं नाव हातभर लांब होतं, पण तळेकोंडात एवढी लांब नावं फक्त लग्नपत्रिकेत खपतात. भाताची कणगी तीन पायांवर उभी करावी तसं त्याचं रूप. पोटातून एक पोकळ सळई निघून गाळात शिरायची, गाळ थराथराने वर आणायची, आणि हुंग्या एकेक थर हुंगून सांगायचा की हे कुणी टाकलं. काय टाकलं हे सांगणारी यंत्रं जुनीच होती. कुणी टाकलं हे सांगणारं जिल्ह्यातलं हे पहिलं.

समोरच्या काठावर सगळी वाडी छत्र्या उघडून बसली होती. सरपंच विलास भुवड यांनी मांडव घालून चहाची सोय केली होती, कारण आज चोर सापडणार होता.

चोर कोण हे वाडीला ठाऊकच होतं. खाडीकाठी रंग तयार करणारा कारखाना आला आणि काही काळाने या बंद पडलेल्या चिरेखाणीत त्याचे टँकर गुपचूप रिकामे व्हायला लागले. खाणीत जांभळट काळं डबकं साचलं. जांभा म्हणायला दगड, पण आतून घावनासारखा जाळीदार. सड्यावर पडलेलं पाणी त्याच्यातून झिरपत खाली वाडीच्या विहिरीत उतरतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाडी त्या पाण्यावर जगली. डबकंही त्याच वाटेने उतरलं. आधी विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं, मग त्यावर फेस आला, मग सरकारने विहिरीला लोखंडी झाकण घालून कुलूप ठोकलं. तेव्हापासून टँकरचं पाणी. एकेक घर बंद होऊन मुंबई-पुण्याला निघून गेलं. प्रणालीची आई सुरेखाबाई मात्र हलली नव्हती. लेकीने पुण्यात ये म्हटलं की ती म्हणायची, विहीर उघडू दे, मग बघू.

विहीर उघडायची तर खाण साफ व्हायला हवी होती, आणि ते काम एवढं मोठं की करेल तर कारखानाच. तो दोषी ठरला तर. म्हणून प्रणालीने कचऱ्याचा माग काढणाऱ्या जिल्ह्याच्या माग केंद्रातून धडपड करून हे यंत्र गावात आणलं. ते चालवायला शिकलेली जिल्ह्यात ती एकटी, म्हणून तपासही तिच्याकडेच आला. स्वतःच्या गावचा तपास स्वतः करू नये असा नियम होता, पण समोरच्याची हरकत नसेल तर चालायचं, आणि कारखान्याचे वकील सरपोतदार यांनी हरकत घेतली नाही. तुमच्या प्रामाणिकपणावर आमचा पूर्ण विश्वास आहे, असं ते हसून म्हणाले होते. ते हसणं तिला तेव्हाच खटकायला हवं होतं.

हुंग्याची विद्या तशी विरजणाची. एकाच म्हशीचं दूध दहा घरांत लावा, दही दहा चवींचं होतं, कारण घराघराचं विरजण वेगळं. शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं की नुसतं दहीच नव्हे, अख्खं घर म्हणजे एक विरजण असतं. माणसांच्या कातडीवरचे जीवाणू, गोठ्यातले, मोरीतले, चुलीमागच्या ओलीतली बुरशी, या सगळ्यांचं मिश्रण दर घरात निराळ्या मापाचं असतं, आणि ते माप वर्षानुवर्षं फारसं बदलत नाही. घरातून बाहेर पडलेल्या प्रत्येक वस्तूला ते चिकटलेलं असतं. जीवाणू मेले तरी त्यांचे बीजाणू मागे राहतात, आणि त्यांच्यातली जनुकं गाळाच्या अंधारात, विशेषतः कापसाच्या धाग्यात, टिकून राहतात. हुंग्या ती वाचायचा आणि घरोघरच्या नमुन्यांशी ताडून बघायचा.

कारखान्यांचंही तेच. सांडपाण्याच्या टाकीतल्या विषातही जगणारे चिवट जीव असतात, आणि दर टाकीतली त्यांची वस्ती वेगळी. नव्या कायद्याने प्रत्येक कारखान्याला आपल्या टाक्यांचे नमुने द्यावे लागले, ढाब्यांना आणि कार्यालयांना आपल्या मोऱ्यांचे, आणि जे गाव तपास मागेल त्या गावाला आपल्या घरांचे. तळेकोंडात प्रणाली स्वतः घरोघर फिरली. दारामागे, चुलीजवळ, मोरीत कापसाचा बोळा फिरवला की झालं. बायकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. आमच्या घरांचा वास बाटलीत भरून नेतेस, अत्तर काढणार काय, असं विचारलं. पण बोळे सगळ्यांनी दिले, कारण लपवण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं. ग्रामसभेने तर देवाला साक्ष ठेवून ठराव केला होता की तळेकोंडाने त्या खाणीत कचऱ्याची काडीही टाकलेली नाही, आणि तपास अगदी तळापर्यंत व्हावा.

त्या ठरावात एक अक्षरही कुणी खोटं लिहिलं नव्हतं. घोटाळा झाला तो तिथेच.

"तळापर्यंत घ्याल ना?" सरपोतदारांनी छत्रीखालून विचारलं.

"तळापर्यंतच," पलीकडून विलासभाऊ म्हणाले. "गावाचा ठरावच हाय तसा."

पहिले थर वाडीला हवे तसेच निघाले. कारखाना, कारखाना, पुन्हा कारखाना. दर नावाबरोबर समोरच्या काठावरची कुजबुज वाढत गेली. मध्येच हमरस्त्यावरचा एक ढाबा आणि तालुक्याचं एक मंगल कार्यालय निघालं, त्यावर हशा झाला. मग गाळ संपत आला, सळई दगडाजवळ पोचली आणि पडद्यावर घरांची नावं उमटायला लागली. भुवड. गुरव. मांडवकर. आणखी काही. आणि सगळ्यांच्या खाली, उघड्या दगडाला टेकलेल्या थरात, धनावडे.

प्रणालीला वाटलं, आपल्याच बुटांची माती असेल. तिने हातमोजे बदलले, सळई धुतली, जरा बाजूला पुन्हा उतरवली. तेच आलं. तिसऱ्या खेपेला सळईच्या तोंडाशी गाळात गुरफटलेली एक चिंधी वर आली. तिने ती चिमट्यात धरून पाण्यात हलवली. निळा धागा, बारीक धावदोरा, आणि कोपऱ्याला पोचल्यावर एक टाका मागे घेऊन पुढे गेलेला. कोपऱ्याला असा मागचा टाका घेणारी बाई वाडीत एकच होती, आणि तिच्या हातच्या गोधड्यांत प्रणाली लहानाची मोठी झाली होती.

तिचे वडील गणपत धनावडे याच खाणीत चिरे काढायचे. खाण बंद पडली आणि पुढच्याच वर्षी तेही तापाने गेले. माणूस गेला की त्याचं अंथरूण-पांघरूण तळेकोंडात घरात ठेवत नाहीत. पुरुष मंडळी ते उचलून वेशीबाहेर नेतात, तिथे सोडतात, आणि मागे वळून न बघता परत येतात. विहिरीवर पाय धुवायचे, मग घरात. पूर्वी हे ओढ्यापलीकडे व्हायचं. गणपतच्या वेळी गावकर दगडूआबा म्हणाले की याने सारा जन्म खाणीत काढला, याचं तिथंच सोडा. सगळ्यांना ते पटलं. एकदा वाट पडल्यावर पुढे जो जो गेला त्याचं अंथरूण त्याच कोपऱ्यात गेलं. मग त्या बाजूला कुणी गुरं नेईना, करवंदं काढायला पोरं जाईनात, कुणी त्या दिशेला बघेनासुद्धा.

याला कचरा म्हणतात हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. जीवाणूशास्त्र शिकून, बोळे घेत घरोघर हिंडलेल्या प्रणालीच्याही नाही. मागे वळून बघायचं नाही हे तिलाही लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि तो धडा तिने फार चांगला गिरवला होता.

आता कायद्याची अक्कल ऐका. कायदा करणाऱ्यांनी शहरात पाहिलं होतं की स्वच्छ कोपऱ्यात कुणी कचरा टाकत नाही. पहिली पिशवी पडली की तिच्या शेजारी दुसरी पडते आणि बघता बघता ढीग होतो. म्हणून त्यांनी ठरवलं की जागा बिघडवल्याचा मुख्य दोष पहिल्या पिशवीवाल्याचा. त्याला 'आरंभक' असं भारदस्त नाव दिलं. जागा साफ करायची ती आरंभकाने, त्याची ऐपत नसेल तर त्याच्या ग्रामपंचायतीने. मागाहून टाकणाऱ्यांना नुसता दंड. शहरातल्या कोपऱ्यांपुरतं ते ठीक असेल, इथे मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी. गणपत धनावडेची गोधडी आरंभक ठरली तर कारखाना दंड भरून मोकळा, आणि खाण ग्रामपंचायतीच्या गळ्यात. म्हणजे विहिरीचं कुलूप कायमचं.

सरपोतदारांनी पडदा बघितला. त्यांनी छत्री मिटली, प्रणालीला नमस्कार केला आणि सुनावणीला भेटू म्हणून गाडीकडे निघाले. त्यांना आधीपासूनच अंदाज होता. अशी पुष्कळ गावं त्यांनी पाहिली होती, आणि कुठल्याही गावाच्या वेशीबाहेर काही ना काही पडलेलं असतंच.

मांडवातला चहा तसाच निवला. प्रणालीला कुणी शिव्या दिल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. हात दाखवून अवलक्षण झालं, एवढं विलासभाऊ पुटपुटले. सडा उतरताना बायका पुढे निघून गेल्या आणि ती एकटी मागे राहिली.

सुरेखाबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्या सड्यावर आल्या नव्हत्या. बातमी मात्र लेकीच्या आधी घरी पोचली होती.

"मी म्हणे कचरा टाकला," सुपातून नजर न उचलता त्या म्हणाल्या.

प्रणालीने समजवायला सुरुवात केली. थर, कायदा, आरंभक. आईने सगळं ऐकून घेतलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"ती गोधडी मला ठेवायची होती गो. आबांच्या पाया पडले मी. बाकी सगळं न्या, एवढी एक ऱ्हाऊ दे म्हटलं. ठेवत नाय म्हणाले. आणि आता तुझा हुंग्या सांगतोय, मी टाकली."

हे आईने प्रणालीला कधी सांगितलं नव्हतं, कारण तिने कधी विचारलं नव्हतं. वडिलांचे दिवस होताच ती परीक्षेच्या नावाखाली पुण्याला पळाली होती, आणि खरं तर त्या घरातलं रिकामं अंथरूण तिला बघवत नव्हतं म्हणून. तिला स्वतःची लाज वाटली. यंत्राचाही राग आला. ते घराचं नाव सांगत होतं. त्या घरातलं कोण उचलत होतं आणि कोण रडत होतं, ते त्याला कुठून कळणार?

पुढचे दिवस तिला ना झोप ना चैन. जेवायला बसली की घास हातात घेऊन कायद्याची कलमं वाचायची, बाहेर पडली की विहिरीच्या झाकणाशी जाऊन थांबायची. एका दुपारी विलासभाऊ आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं की तळाचा थर खराब निघाला, नीट वाचता आला नाही, असंही होऊ शकतं ना. अहवाल अजून गेलेला नाही, आणि सरपोतदारांनी पाहिलं तो नुसता पडदा.

होऊ शकत होतं. हो म्हणायला तिला फार आवडलं असतं. एक ओळ बदलली की विहीर उघडणार होती, आणि वाडीत कुणीही तिला दोष दिला नसता. ती रात्र तिने तळमळत काढली. शेवटी तिच्या लक्षात आलं की ही ओळ आपण वेशीबाहेर नेऊन सोडणार आहोत आणि पुन्हा तिकडे कधी बघणार नाही आहोत. टँकरवाले तरी दुसरं काय करत होते? तिने विलासभाऊंना नाही सांगितलं. कायद्यात दुसरी वाट असेल तर शोधते, म्हणाली.

वाट होती, पण तिच्यात काटे होते. ज्याने टाकलं त्याच घरच्या माणसाने सुनावणीपूर्वी, आपण होऊन, आपल्या हाताने उचललं, तर त्याने ते टाकलंच नाही असं धरावं, असं एक कलम होतं. पकडले गेलेल्या शहरी लोकांनी निदान आपली पिशवी उचलून न्यावी म्हणून ते घातलेलं. उचललेलं मोहोरबंद पिंपात भरून ज्याचं त्याच्या दारात ठेवायचं, आणि यथावकाश माग केंद्राची गाडी ते भट्टीत जाळायला नेणार. पण धनावड्यांनी आपलं उचललं की मांडवकर आरंभक. त्यांनी उचललं की गुरव, मग भुवड. घरोघरी मातीच्या चुली, तशी घरोघरची एक गोधडी त्या खाणीत होती. एकूण एक घराने खाली उतरल्याशिवाय कारखान्याची पाळी येणार नव्हती.

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात तिने हे सांगितलं. दगडूआबांनी काठी टेकून मान वर केली. गावातल्या रीतीभाती ठरवण्याचा मान त्यांचा.

"वेशीबाहेर गेलेलं आत येत नाय," ते म्हणाले. "मेलेल्या माणसाचं अंथरूण दारात आणून ठेवायचं? तुझं यंत्र उद्या गाडीत बसून जाईल. हितं ऱ्हवायचंय ते आमाला."

माना हलल्या. एक बाई म्हणाली की त्यापेक्षा टँकरचं पाणी काय वाईट. प्रणाली सांगायला लागली की इतक्या वर्षांत त्यात रोगाचं काही उरलेलं नाही, हातमोजे आहेत, मुखवटे आहेत. तिचं तिलाच कळत होतं की ती भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते आहे. भीती जीवाणूंची नव्हतीच.

तेव्हा मागच्या रांगेतून सुरेखाबाई उठल्या. एरवी देवळात त्या आरतीपुरतं तोंड उघडायच्या.

"आबा, मी बघितलेलं."

आबांना काही उमगलं नाही.

"ह्यांचं सोडायला गेलात ना, तेव्हा मी मागनं आलेली सड्यावर. तुम्ही सगळे परतलात, पाय धुवायला गेलात. मी काठावर उभी ऱ्हायले. वाऱ्याने गोधडीचं टोक उडत व्हतं, ता बघत ऱ्हायले." त्या सगळ्यांकडे वळल्या. "मी बघितलं, माझं काय झालं? काय नाय झालं. तुम्ही कुणी बघितलं नाय, म्हणून काय झालं ता सगळ्यांनी प्यायलाव. आपण त्या बाजूला बघायचंच सोडलं. टँकरवाल्यांना आणि काय हवं व्हतं? ज्या जागेकडे अख्खं गाव पाठ करतं, ती जागा त्यांना आयती गावली."

प्रणाली आईकडे बघतच राहिली. थर मोजून, जनुकं वाचून हुंग्याला जे सांगता आलं नव्हतं, ते आईने सांगितलं होतं.

"उद्या सकाळी मी जातंय," सुरेखाबाई म्हणाल्या. "ज्यांना यायचंय त्यांनी या."

आबा काठी टेकत घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी माग केंद्राच्या पंपाने त्या कोपऱ्यातलं पाणी बाजूला काढलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, लुगडं वर खोचलेलं, तोंडावर मुखवटा, अशा वेशात सुरेखाबाई खाणीच्या गाडीवाटेने खाली उतरल्या. प्रणालीला मदत करायची परवानगी नव्हती. तपास करणाऱ्याने हात लावायचा नाही, फक्त नोंद करायची. ती वर उभी राहून हातांच्या मुठी वळत होती. सरपोतदार आले होते, तेही पलीकडे उभे. खाली आई गाळात वाकली, ओढलं, तर कापड हातात फाटून आलं. मग तिने ओढणं सोडलं आणि ओंजळीने भरायला सुरुवात केली. जांभळ्या चिखलाचा लगदा, त्यात कापूस, त्यात निळे धागे. पांढरं पिंप भरेपर्यंत तिने मान वर केली नाही.

ती वर आली तेव्हा काठावर विलासभाऊ बूट चढवत होते. त्यांच्या मागे मांडवकरांची सून. मग गुरव. बंद घरांना निरोप गेले होते, ज्यांचं खाली काही होतं ती सगळी मुंबई-पुण्याहून आली, उतरली तशी थेट सड्यावर. दुपारपर्यंत खाली माणसंच माणसं झाली. कुणी रडत होतं, कुणी आपल्या म्हाताऱ्याच्या आठवणी सांगून हसवत होतं. एवढी वर्षं ज्या जागेचं नाव काढत नव्हते तिथे लोक एकमेकांना पाणी पाजत होते.

उन्हं कलताना दगडूआबा आले. एकटेच. त्यांची बायको जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. गाडीवाटेवर पाय ठरेना, तेव्हा सुरेखाबाईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. खाली उरलेल्या चिंध्यांच्या ढिगाऱ्यापाशी येऊन ते थांबले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"मी वळून बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "कुठं ठेवलं ता ठावं नाय. हिचं कुठलं?"

कुणालाच सांगता येईना. चिखलाने सगळ्या गोधड्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. प्रणालीने हुंग्याची सळई हलवली, ढिगाला एका बाजूने टेकवली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पडद्यावर आबांच्या घराचं नाव आलं.

"हे, आबा," ती म्हणाली.

आबांनी हातमोजे घालायला नकार दिला. तिने आर्जवं केली तेव्हा घातले, आणि मग वाकले.

सुनावणी लांबली नाही. सरपोतदारांनी कायद्याचा कीस काढला, पण तळाच्या थरात आता एकच नाव उरलं होतं, आणि कायदा त्यांचाच लाडका होता. कारखाना आरंभक ठरला. खाण उपसून, धुऊन, खरवडून कोऱ्या दगडापर्यंत न्यायचा हुकूम झाला. पांढरी पिंपं तोवर वाडीच्या अंगणांतून उभी होती. सुरुवातीला लोक त्यांच्याकडे पाठ करून वावरले, मग कुणी येता-जाता हात लावू लागलं, आणि गुरवांच्या पिंपावर तर कुणीतरी ओली छत्री वाळत ठेवली. भट्टीची गाडी आली तेव्हा सुरेखाबाई बाहेर आल्या. पिंप गाडीत चढलं, गाडी वळणाआड गेली, तरी त्या बघत उभ्या होत्या.

खाण साफ व्हायला दोन पावसाळे गेले. शेवटची तपासणी प्रणालीनेच करायची होती. या खेपेला आई तिच्याबरोबर सड्यावर आली, खाणीतही उतरली. खाणीचा तळ नव्याने चिरे काढल्यासारखा तांबडालाल दिसत होता. हुंग्याने सळई दगडाला टेकवली, घुरघुरला, गप्प झाला. प्रणालीने पडदा बघितला, आणि पुन्हा बघितला.

"काय म्हणतो?" आईने विचारलं.

"कारखान्याचं काही नाही. साफ आहे. विहीर उघडायला हरकत नाही." तिला तिथेच थांबता आलं असतं, पण ती थांबली नाही. "एक नाव येतंय. आपलं. अगदी थोडं आहे, कायद्यात धरत नाहीत. दगडाच्या जाळीत मुरलंय, ते आता निघायचं नाही."

सुरेखाबाई खाली बसल्या. त्यांनी दगडावर तळहात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"हितलंच पाणी आपल्या विहिरीत येतं ना?"

"हो."

"मग येऊ दे," त्या म्हणाल्या.

विहिरीवर विलासभाऊ किल्ली घेऊन वाट बघत होते, म्हणून दोघी उठून निघाल्या. सडा उतरायच्या वळणावर सुरेखाबाई थांबल्या आणि मागे वळून खाणीकडे बघत उभ्या राहिल्या. प्रणालीही त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.